गळ्याची शीर

बर्नलीच्या गिरणीत बावीस वर्षं.
मागांच्या खडखडाटात हेस्टर ग्रिमशॉचे कान गेले.
मूकपट होते तोवर शुक्रवारी
ती ओठ वाचून आम्हाला सांगायची:
नायक ‘प्रिये’ नाही, ‘बूट चावतोय’ म्हणतोय.
आम्ही फिदीफिदी हसायचो,
मागून संत्र्याची सालं यायची.

मग पडदा बोलू लागला.
पाट्या गेल्या. पियानोवाला टॅटरसॉल
आता दारात तिकिटं फाडतो.
हेस्टर तरी येते. तीच खुर्ची, तोच कोट.

काल नायिका गायली.
अख्खं थिएटर मुसमुसलं, मीसुद्धा.
हेस्टरनं कोपर मारलं,
स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं:
शीर हलत नाहीये बघ तिची.
गातंय दुसरंच कुणीतरी.

आणि जरा थांबून,
नुसत्या ओठांनी:
पण गाते कशी गं, ती दुसरी?