रीडिंग

अप्पांच्या कॅमेऱ्यातले सेल संपले की
त्याचं घड्याळ पुन्हा जन्माला यायचं.
तारीख घालायचा अप्पांना कंटाळा.
त्यामुळे आमच्या घरी जे काही झालं
ते एक जानेवारी दोन हजारला, रात्री बाराला झालं:
मुकुलचं लग्न, माझं डोहाळजेवण,
गच्चीवर सांडग्यांची ताटं,
गेरमधून परतलेला, रंगात ओळखू न येणारा कुणीतरी,
आई नव्या चष्म्यात, आई केस गेल्यावर,
आई.

बावीसशे तेरा फोटो आणि एकच रात्र.
एक फोटो तेवढा लांब, चौदा सालच्या सप्टेंबरात, एकटा.
मला वाटलं, तो चुकलाय.

सॉफ्टवेअर बिचारं प्रामाणिक,
मिळेल त्या तारखेवर विश्वास ठेवणारं.
त्यात कार्डं तीन, तिन्हींचे नंबर एकपासून,
जेल रोडच्या पोऱ्यानं एकाच फोल्डरात ओतलेली.
"हो गया दीदी, सब आ गया."

साड्यांवरून वर्षं लावू पाहिली;
आई एक साडी वीस वर्षं नेसायची.
भिंतींवरून पाहिली;
लोकमान्यनगरच्या त्या घराला अप्पांनी रंग दिलाच नाही.
मग दिसला जिन्याखालचा मीटर.

दर महिन्याला एक फोटो,
रीडिंगवाल्यावर भरवसा नाही म्हणून.
आम्ही हसायचो.
"आकडा खोटं बोलत नाही, वाचणारा बोलतो."

आता तोच आकडा धरून चाललेय.
मीटरपासून मीटरपर्यंत एक महिना,
मधे जे सापडेल ते त्या महिन्याचं.
कूलरचा मे, तीनशे दहा.
माझं बाळंतपण, दोनशे चाळीस, रात्रभर दिवे.
आई गेल्यावर एकशे ऐंशीवरून थेट बासष्ट.
मिक्सर नाही, दुपारचा टीव्ही नाही,
तिच्या खोलीतला झिरोचा बल्ब नाही.
इतकं अप्पा कधी बोलले नव्हते.

आणि मग नऊ.
अख्ख्या महिन्यात नऊ युनिटं.
अप्पा दवाखान्यात, मी त्यांच्या उशाशी,
घराला कुलूप, किल्ली सोगानींकडे.
मुकुल तेराव्याला आला, हे मी अजून मोजून सांगते लोकांना.
मग हा फोटो काढला कुणी?

सॉफ्टवेअरला मीटरच्या काचेत चेहरा सापडलाय.
चौकोन आखून विचारतंय:
ही एकच व्यक्ती आहे का?
शेजारी अप्पांचे एक्याऐंशी काचेतले चेहरे,
कपाळ, कॅमेरा, एक मिटलेला डोळा.
इथंही कपाळ, कॅमेरा, मिटलेला डोळा.
पण दुसरा.
आमच्या घरात डावखुरं एकच.

खाली सुचवणी आहे:
काचेवरचं प्रतिबिंब काढून टाकू?
पाहिलं काढून. आकडा लख्ख दिसला.
अगदी लख्ख, दुकानात नवा मीटर असतो तसा.
परत आणलं.

मुकुलच्या नावाखाली शेवटचं काय होतं?
तीन दिवाळ्यांपूर्वीची एक पणती, कुणीतरी पाठवलेली पुढे ढकललेली.
काही न लिहिता फोटो पाठवला.
दोन निळ्या खुणा.
टाइप करतोय. थांबला. करतोय. थांबला.
मी चहा ठेवून आले.

"बिल मी भरलं होतं. दंडासकट."

आणि मग, चहा उतू जात असताना,
"सेल संपले होते, नवे घातले.
तारीखपण लावली होती. बघ."

बघतेय.
सतरा सप्टेंबर, सकाळचे सात वीस.
अप्पा अजून होते.
आम्हा सगळ्यांत तेवढा एकच फोटो बरोबर.

त्याच्यावरून आता मागे मोजत निघालेय.
ऑगस्ट, अठ्ठावन्न.
जुलै, एकसष्ट.
जून,
थांब, जूनला कूलर कुणासाठी चालू होता?
विचारते त्याला.