गुण्यात नाही

घोटा बघून फरझाना मॅडम म्हणाल्या,
नव्वद अंश यायला हवेत, दुर्वाचे एकशे दहा आहेत.
मी म्हटलं, म्हणजे गुण्यात नाही.
त्या हसल्या. असंच म्हणा.

वीस वर्षं लाद्या बसवतोय.
उलव्याचे टॉवर, खारघरचे, पामबीचच्या कडेचे.
पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला
की उठायचं, पुढची लादी.
इथे बुडबुडा दिसत नाही.
टाच तळहातात घ्यायची, पंजा हळू वर,
मोजायचं तीस.
झटका द्यायचा नाही. झटका दिला
की स्नायू उलट भांडतो.
सासऱ्यांसारखा, मी म्हटलं.
उज्ज्वला हसली नाही.

कोपरखैरण्यात तळमजल्याचा गाळा, शेजारी झेरॉक्सवाला.
आत दोन बार, एक आरसा,
आरशावर सुटत आलेली पोपटाची स्टिकरं.
दुर्वा बार धरून येते
गुडघ्याला गुडघा घासत, पाय कात्रीसारखे,
आणि मी बापासारखं बघावं तर
लाद्या मोजतो.
दोन बाय दोनच्या. तीन झाल्या. साडेतीन.
चौथीवर तिचा स्प्लिंट आपटला, आवाज पोकळ आला.
ही लादी बद्द वाजतेय, मी मॅडमना म्हटलं,
खाली माल भरला नाही कुणी.
रविवारी येऊन बसवून दिली. पैसे घेतले नाहीत.
त्यांनीही त्या आठवड्याचे घेतले नाहीत.

मग पायांना प्लास्टर चढलं.
दर आठवड्याला काढायचं, घोटा जरा वर घ्यायचा,
पुन्हा चढवायचं. पाच वेळा.
प्लास्टर मला कळतं, त्याला सात दिवस पाणी मारावं लागतं.
याला थेंब लागू द्यायचा नव्हता.
पिशव्या, रबरं, पाय मोरीच्या कठड्यावर,
आणि ती ओरडायची, आई नको,
बाबा, तू ओत, तू कमी सांडतोस.

घणसोलीच्या गावठाणात आमची खोली, भाड्याची.
उंबरा अडीच इंच. वॉकर तिथेच अडायचा, रोज.
मालकीणकाकू म्हणाल्या,
उंबरा फोडतात का रे कुणी? लक्ष्मी यायची कुठून?
फोडला नाही. दोन्हीकडून उतार भरला,
अडीच इंचाला अडीच फूट,
ओला असताना ब्रशने रेघा मारल्या, खरखरीत.
संध्याकाळी भाडं मागायला काकू आल्या
त्याच उतारावरून,
गुडघ्यावर हात न ठेवता.
उंबऱ्याचं काही बोलल्या नाहीत.

दुर्वा अजून पडते.
परवा मोरीपासून पलंगापर्यंत सात लाद्या,
पाचवीवर हनुवटी फुटली. दोन टाके.
घोटा पुन्हा मागे जाऊ शकतो,
उंची वाढते तेव्हा हाडं पळतात, स्नायू मागे राहतात,
मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय.

आज आंघोळ करून ओल्या पायांनीच निघाली.
कोट्याच्या लादीवर तिचं पाऊल कसं उमटतं
मला पाठ आहे:
पाच बोटं, चवडा, मागे काही नाही.
आज डाव्याच्या मागे एक ठिपका,
रुपयाएवढा.
टाच.

फडकं हातात, मी उभा.
उज्ज्वलाला हाक मारणार
तेवढ्यात वॉकर धरून ती मागे वळली.
पूस ना बाबा, घसरेन मी.

पुसलं.
आधी उजव्याचं.