खडूची खूण

दर महिन्याच्या पाच तारखेला
मी अकरा विहिरींत वाकून बघते.
हातात टेप, टोकाला शिशाचा गोळा,
ओच्यात पोरीच्या दप्तरातला खडू.

खडू या वर्षीपासून.

मागच्या ऑक्टोबरात, चार नंबरची विहीर,
इंदरबाई लोमटेच्या मळ्यातली,
गोळा कपारीवर टेकला,
टेप सैल पडला,
आणि सैल पडलं म्हणजे पाणी लागलं
असं मी धरलं.
सात मीटर, लिहिलं वहीत.
पाणी होतं बारावर.

त्या सातवर गावानं चाळीस एकर गहू पेरला.

ओंब्या भरायच्या वेळी
मोटारी नुसती हवा ओढू लागल्या.
पिवळं पडायला लागलं ते बांधाकडून,
मग आत, आत,
जसा कागद कडेनं जळतो.
मला कुणी काही बोललं नाही.
पीठगिरणीत हलीमानं तेवढं विचारलं,
दळण घेताना, माझ्याकडे न बघता:
"तुझा टेप खरा बोलतो का गं?"

आता मी टेपाच्या शेवटच्या हातभराला खडू फासते,
सोडते खाली,
पाइपाच्या, घोरपडीच्या, कबुतरांच्या शेजारून.
आधी मुरूम, मग तांबडा गेरू,
मग भोकाभोकांचा मांजऱ्या,
ज्याच्या पोटात आपलं सगळं राहतं,
आणि त्याखाली काळा पाषाण,
जो कुणाचंच ऐकत नाही.
ओढते वर.
खडू जिथवर भिजला तिथवर पाणी.
कोरडा तो कोरडा.
त्याला कपार फसवत नाही,
त्याला माझी घाई कळत नाही.

तरी दोनदा सोडते.
चार नंबरला तीनदा.

पाऊस चारशे बारा मिलिमीटर,
त्यातला किती वाहून गेला, किती मुरला, किती उडाला,
पारावर बसून हिशेब मांडला.
आधी माणसं, मग जनावरं,
या ओळीला कुणी हात लावत नाही.
भांडण होतं ते उरलेल्यावर.

केरबानं उसाचं बेणं आणून ठेवलेलं,
ट्रॉलीभर, ओल्या पोत्याखाली.
केरबा माझा चुलतदीर.
"वहिनी, दोन मीटर कमी लिवलं तर
कुणाचं काय जातंय?"
मी त्याला टेप दिला.
"चल, तूच मोज."

चार नंबरच्या काठावर तो पोटावर पडला,
एवढा मोठा गडी, टोपी बाजूला काढून.
टेप ओढून घेतला.
भिजलेल्या खडूवर अंगठा ठेवला,
मग अंगठा उचलून बघितला,
पांढरा, ओलसर.
बराच वेळ तो अंगठ्याकडेच बघत होता.

बेणं म्हशींनी खाल्लं. चार दिवस पुरलं.

गव्हाला नाही म्हटलं यंदा.
हरभरा, करडई,
ज्वारीला एकच पाणी, तेही पोटऱ्यात असताना.
रब्बीची पेरणी वाफशावर,
मूठभर माती दाबून बघायची,
लाडू झाला तर थांबायचं,
फुटला तर तिफण काढायची.
हे काही मी शिकवलं नाही,
गफूरचाचा बी धरायचा तेव्हापासून हेच सांगतो.
शेततळ्याचं पाणी मोसंबीला, ठिबकनं,
रात्रीची लाइट आली तरी
कुणी पाट मोकळा सोडायचा नाही.
यातलं किती पाळलं जाईल
ते मला माहीत नाही.
मागच्या गल्लीत एक बोअर
रातोरात झालीय म्हणतात.

अंकुश पेंटर ग्रामपंचायतीची भिंत रंगवायला आला.
मागच्या सालचा तक्ता खरवडायला लागला
तेव्हा मी म्हटलं, राहू दे.
त्या साताखाली बारीक अक्षरात लिही:
चूक. बारा होतं.
"नाव टाकू का?" त्यानं विचारलं.
टाक म्हटलं.

काल पुन्हा पाच तारीख होती.
पोरगी बरोबर आली.
तिनं टेप सोडला,
सैल पडला,
आणि ती ओरडली, "लागलं!"

मी म्हटलं, थांब.
थोडा हलव.