चार लाकडी चमचे

भाऊंची साखर दोनशे ऐंशीवर गेली
तेव्हा त्यांचं रात्रीचं आइस्क्रीम मीच बंद केलं.
आणि आठवड्याभराने मीच, वरमून,
टिळकनगरच्या नाक्यावरून बिनसाखरेचा कप आणू लागले.
कपावर हिरवं पान, एक हसरा म्हातारा,
आणि मुंगीच्या पायांनी लिहिलेली यादी,
ती मी वाचली, भाऊंसाठी.
बुंदीसाठी वाचायचं सुचलंच नाही.

बुंदी, अकरा किलो दोनशे.
आई गेली त्या वर्षी मीटरच्या खोलीत सापडलेली,
पिवळट, ठिपक्याठिपक्यांची,
फ्रीजचं दार कुठल्या आवाजात उघडलं की आपलं असतं
हे ओळखणारी.

कुत्र्याला आइस्क्रीम चालतं का,
हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.
सांबरेकाकू म्हणत, दूधच तर आहे, काय होतंय.
दुसऱ्या मजल्यावरचा एल्विन म्हणे,
चॉकलेट नको, मनुका नको, बाकी देवावर.
मी म्हणे, पोट बिघडलं तर जिना तुम्ही धुवायचा, भाऊ.
भाऊ काहीच म्हणत नसत.
चौतीस वर्षं टाकसाळीत नाणी तोलली त्यांनी,
मत विचारलं तर वजन सांगतात.

त्या रात्री पावणेबाराला ती घसरली.
आधी वाटलं, फरशी ओली असेल.
मग ओकली, मग मागचे पाय
दुसऱ्या कुणाचे असावेत तसे वागू लागले.
पहिला टॅक्सीवाला कुत्रं बघून निघून गेला.
दुसऱ्याने न बोलता मागच्या सीटवर पेपर पसरला
आणि परळपर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

डॉक्टर तडवी, डोळ्यांत झोप, हातात पेन.
चॉकलेट? नाही.
मनुका, द्राक्षं? नाही.
कांदा? नाही.
आइस्क्रीम?
हो, पण साखर नसलेलं, मी म्हटलं.
आणि खोटं कशाला बोलू,
जरा ऐटीतच म्हटलं.

पेन थांबलं.
साधं असतं तर सकाळपर्यंत चारदा खाली न्यावं लागलं असतं,
दूध बऱ्याच जणांना पचत नाही, त्या म्हणाल्या.
पण त्याने कुणी असं थरथरत नाही. कप आहे?

भाऊंनी खिशातून काढला. धुतलेला.
मोबाइलच्या उजेडात त्यांनी मुंगीचे पाय वाचले,
बोट एका शब्दावर ठेवलं: झायलिटॉल.
माणसाला नाही बाधत. हिची साखर मात्र पाडतं.

भाऊंची चढते म्हणून आणलेलं
तिची उतरवत होतं.

किती खाल्लं?
चार लाकडी चमचे, भाऊ म्हणाले. सपाट, शीग नाही. साडेदहाला.
आणि काल?
काल तीन.
डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली.
इथे सगळे ‘थोडंसं’ म्हणतात, त्या म्हणाल्या.

सुई लागली. बाटली टांगली.
भाऊ शर्टाचा दुसरा खिसा चाचपत होते,
त्यांची स्वतःची उतरली तर म्हणून ठेवलेली पुडी.
उघडून पुढे केली, खडीसाखर,
ही चालेल का?
डॉक्टर हसल्या नाहीत.
बाटलीत तीच आहे काका, वितळवलेली.

तीन दिवस यकृताची तपासणी, मग घर.
येताना टॅक्सीत मी बोलायचं ठरवलं होतं,
की चूक माझी, यादी माझ्या हातात होती.
भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले,
कप मी धुवायला नको होता.
अक्षरं पुसट झाली.

आता बर्फाच्या ट्रेमध्ये दही असतं,
ताजं, पातळसर, बिनसाखरेचं, बिन-कशाचंच.
बुंदी हुंगते, एकदा चाटते,
आणि अशी बघते की आपण काही चोरलंय तिचं.
भाऊ उरलेला खडा स्वतः तोंडात टाकतात,
तोंड वाकडं करतात,
आणि मला सांगतात:
नऊ ग्रॅम.