कोल्ड टेस्ट

आमच्याकडे इंजिन पेटवत नाहीत.
पेट्रोल नाही, ठिणगी नाही.
विजेची मोटर त्याला बाहेरून फिरवते
आणि अठ्ठावन्न सेकंदांत पडदा सांगतो,
हिरवं की लाल.
हिरवं असलं तर मी, एटेल्का बोग्नार, दुसरी पाळी,
वरच्या झाकणाच्या कडेला पिवळा ठिपका देते.
पेन जरा जास्तच दाबते, ठिपका ओघळतो,
सुपरवायझर ओरडतो.
तोवर पुढचं आलेलं असतं.

पाळीला चारशे.
एकाचाही आवाज मी ऐकलेला नाही.

डेझोकाका जुन्या खात्यातले. तेव्हा हॉट टेस्ट होती.
एकेक इंजिन पेटायचं, गुरगुरायचं, छताला काजळी धरायची.
डावा कान गेला
तेव्हा ते उजव्याने ऐकू लागले.
"तुम्ही थंड अंगाची नाडी बघता, पोरी,"
ते म्हणतात, उकडलेल्या बटाट्यांवर
भोपळ्याच्या बियांचं तेल ओतत.
आमच्या भागातलं ते तेल काळंहिरवं, दाट,
पहिल्या सर्व्हिसला इंजिनातून काढावं तसं.
मी वाद घालत नाही.
पगार वेळेवर होतो. दोन्ही कान शाबूत आहेत.

फेब्रुवारीत, रात्री सव्वादहाला,
राबा नदीच्या पुलाअलीकडे एक गाडी उभी.
स्लोव्हेनियाची नंबरप्लेट. बॉनेट उघडं.
एक बाई फोनच्या उजेडात आत बघत होती,
परक्या लिपीतलं पत्र बघावं तशी.
मागच्या सीटवर दोन मुलं,
धाकट्याच्या मांडीवर बरणी, बरणीत एक मासा.
मी सायकल कठड्याला टेकवली.

आणि तिथे, तेलकट धुळीखाली,
पिवळा ठिपका.
ओघळलेला.

आनंद वगैरे काही नाही, पोटात गोळाच आला.
कुठलं सेकंद निसटलं माझ्या हातून?
कुठल्या बेअरिंगने माझ्यासमोर तोंड मिटून घेतलं होतं?
हात मोज्यातून काढून झाकणावर ठेवला.
गार. माझ्याकडून गेलं तेव्हा होतं तितकंच गार.

मग स्टीअरिंगपाशी वाकले,
काट्याकडे बघितलं.
काटा तळाला.

पेट्रोल संपलं होतं, एवढंच.
मला हसू फुटलं, बाईला वाटलं तिलाच हसते,
आणि तिची भाषा मला येत नाही,
म्हणून माशाकडे बघून हसले.

डेझोकाका आले, पायजम्यावर ओव्हरकोट,
हातात पाच लिटरचा कॅन.
नरसाळं लावून ओतलं त्यांनी,
बटाट्यांवर ओततात तसंच,
एक थेंब वाया न घालवता.

बाईने किल्ली फिरवली.
एकदा नाही. दोनदा नाही.
तिसऱ्यांदा
पुलाखालचं बर्फसुद्धा जागं झाल्यासारखं वाटलं.

आम्ही दोघं बॉनेटवर वाकलो,
ते उजवा कान लावून, मी कुठला लावू न कळून.
ऊब चेहऱ्यावर आली.
मासा गोल गोल फिरत होता.

"तिसऱ्या सिलिंडरला बारीक टिकटिक आहे," काका म्हणाले.
"नाही."
"आहे."
"तुमचा कानच तसा आहे."

गाडी गेली. मागचे लाल दिवे वळणावर विझले.
सायकल त्यांच्या डिकीत अर्धी आत, अर्धी बाहेर,
आणि आम्ही घरापर्यंत भांडत राहिलो,
आहे, नाही, आहे.
मी तरी कधी नव्हे ते मोठ्याने.