उलटे महिने

साइमी, तुझे स्केट माझ्याकडे आहेत.
धार लावून, फडक्यात गुंडाळून,
ग्राइंडरमागच्या फळीवर.
मागू नकोस.
केमी गावात कुणालाही विचार,
उर्हो म्हातारा पैशाला बधत नाही,
रडण्याला तर नाहीच.

त्या शनिवारी तू कठड्यावर आदळलीस
तेव्हा फारसा आवाजही झाला नाही.
दुसऱ्या टोकाला गोल झाला होता, लोक ओरडत होते.
तू उठलीस, हेल्मेट सारखं केलंस,
आणि थेट पाहुण्यांच्या बाकावर
जाऊन बसलीस.
सगळे हसले.
मी हातातला दगड खाली ठेवला.

पहिले दोन दिवस तुझ्या आईनं पडदे ओढून घेतले.
इथला डिसेंबर, सूर्य जेमतेम तोंड दाखवून जातो,
तेवढाही तुला सोसेना.
मग डॉक्टर हेता म्हणाली, चाल.
बंदरापर्यंत, आणि परत.
मग ती सायकल, जागच्या जागी फिरणारी,
वीस मिनिटं घाम गाळून कुठंच न नेणारी.
डोकं ठणकलं की एक पायरी खाली,
दुसऱ्या दिवशी पुन्हा.
तू म्हणालीस, ही शिक्षा आहे.
असेल.

आमच्या भाषेत महिन्यांना नुसती नावं नाहीत,
एक मरणाचा आहे, एक चिखलाचा,
एक पिकाचा, एक गवताचा, एक मोत्यांचा.
हेता म्हणते, उलटे म्हणून दाखव.
तू दाखवलेस घडाघड,
पाढे म्हणावेत तसे, एका दमात.
रेइनिक्कानं टाळी वाजवली,
त्याला उपांत्य सामना दिसत होता.
पण पोरी, इतकं घडाघड
धडधाकट माणूसही म्हणत नाही.
बसमध्ये पाठ करताना
तुझे ओठ हलत होते, मी मागच्याच बाकावर होतो.

माझ्या वेळी कुणी काही विचारायचं नाही.
डोळ्यांपुढे काजवे चमकले
तर नाकाला काहीतरी झोंबरं लावायचे
आणि ढकलायचे परत बर्फावर.
तीनदा. कदाचित चारदा.
माझा एक मोत्यांचा महिना हरवला आहे, अख्खा.
माझं लग्न त्याच महिन्यातलं, असं म्हणतात.
फोटोत मी हसतोय.
बायको असेतो दरवर्षी विचारायची,
आठवतंय का काही?
आणि मी दरवर्षी हो म्हणायचो.

काल तू दुकानात आलीस, टोपी कानांपर्यंत ओढून.
मला वाटलं, आता भांडणार.
फळीकडे पाहिलंस. बराच वेळ.
मग म्हणालीस,
उर्हो, मशीन बंद कर, आवाज टोचतोय.
आणि रेइनिक्काला तूच सांग,
मला सांगवणार नाही.

मी मशीन बंद केलं.
कॉफी ओतली, तुझ्यात दूध जास्त.
मग आपण महिने म्हणायला बसलो,
उलटे, सावकाश, बोटांवर मोजत,
मरणाच्या महिन्यातून चिखलात,
चिखलातून मागे, पिकात,
आणि गवतापाशी तू अडलीस.

मीही अडलो.