गळवाले

औशात मन्मथअप्पांचं घर विचारा, कुणी सांगणार नाही.
गळवाल्यांचं म्हणा,
लहान पोरगंही दारापर्यंत आणून सोडेल.
म्हणून केबलच्या जावेदनं राउटर बसवताना
नेटवर्कला नाव तेच दिलं: गळवाले.
पासवर्ड म्हणून अप्पांचा पहिला मोबाईल नंबर,
जो आता कुणा तिऱ्हाइताच्या खिशात वाजतो.

अप्पांचा गळ लोखंडी, सहा नखांचा.
चाळीस वर्षं विहिरींच्या तळाशी चाचपडत
पोहरे काढले, कळश्या काढल्या,
एकदा रुसलेल्या जावयाचं घड्याळ.
आता कळश्या पडत नाहीत. मोटारी पडतात.

भावानं पुण्याहून कॅमेरा पाठवला,
दोन काड्यापेट्यांएवढा.
खोक्यातली पुस्तिका अकरा भाषांत, आपली सोडून.
ॲप उतरवलं, बटण दाबून धरलं,
निळा दिवा मिचकावायला लागला
आणि फोनला मात्र तो दिसेचना.
दिसत होतं गळवाले,
आणि शेजारच्या कुणाचं तरी ‘फुकट मागू नका’.

तासाभरानं उमगलं:
कॅमेऱ्याचं नेटवर्क त्याचं स्वतःचं,
आणि फोनला एका वेळी एकाच घरी नांदता येतं.
घरचं सोडलं, त्याचं धरलं.
लगेच फोननं विचारलं,
या नेटवर्कवर इंटरनेट नाही. तरी जोडलेले राहायचे?

“काय म्हनुलालंय त्ये?”
मी वाचून दाखवलं.
“ऱ्हा म्हन की. इचारायचं काय त्यात.”

राहिलो.
पडद्यावर अप्पांचा गुडघा उगवला.
त्यांनी तो हलवला,
पडद्यावरचा जरा थांबून हलला.
मग कितीतरी वेळ ते
स्वतःच्या गुडघ्याला मागं टाकत बसले.

बुधोड्याच्या रस्त्याला, हालकुड्यांची विहीर.
गळाच्या दांड्याला कॅमेरा बांधला,
सुतळी, वरून काळी टेप.
दोर त्यांच्या हातात, फोन माझ्या.
कठडा. शेवाळ. कपारीत पारव्याचं एक अंडं.
पाणी,
आणि चित्र जागीच थिजलं.
हातभरही खाली गेला नसेल.

पाण्यातून वायफाय जात नाही, अप्पा.
वाटलं, चिडतील.
“म्हंजे गळावानीच की,” ते म्हणाले, दोर सोडत राहिले.
“काय लागलं ते वर आल्यावरच कळतंय.”

रात्री कॅमेरा टॉवेलनं पुसला,
आता त्याला घरच्या नेटवर्कात घ्यायचा होता.
राउटर दोन आवाजांत बोलतो,
कॅमेऱ्याला त्यातला सावकाश बोलणाराच कळतो.
दोनदा पासवर्ड चुकला.
अप्पांना तो नंबर अजून तोंडपाठ,
शेवटचे आकडे मीच उलटे टाकत होते.

मग हिरवं. नुसतं हिरवं.
हिरव्यातून खाली खाली जाणारा उजेड.
मोटार कुशीवर निजलेली,
आणि तिच्यामागं, गाळात अर्धी रुतलेली घागर.
काठावर कोरलेलं: ...बाई धो. उटगे यांजकडून.

अप्पांनी फोन ओढून घेतला.

थोरल्या सुनेची घागर, माहेरची.
एकोणनव्वद साली तीन दिवस गळ टाकून
एवढी एकच सापडली नव्हती.
गळवाल्यानंच मोडीत घातली,
असं तेव्हा बोललं गेलं. आमच्या ओट्यावरसुद्धा.
हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

“निलावती उमरग्याला हाय आता, लेकीकडं.
एवढंच कापून धाडता येतंय का?”
येतं.
“तिच्या घरी हाय का पर त्ये, गळवाले?”
मी समजावलं, प्रत्येक घराचं नाव वेगळं असतं.
त्यांनी ऐकून घेतलं.

“निघालं का?”
सात टक्के.
“मग थांबतो,” म्हणाले,
आणि गळाच्या नखांना तेल लावत बसले.